जास्तीचे शेहेचाळीस मीटर

ओसेनित्सा गावात दोब्रिंका तोपालोवाबद्दल हसत सांगायचे, की ही बाई बेकरीतून पाव आणला तरी घरच्या काट्यावर तोलून बघते. पाव तिनं कधी तोलला नव्हता. पण गोष्ट तिच्याच नावावर खपली, यावरून माणसाचा स्वभाव ओळखावा. टेलिफोनच्या जमिनीखालच्या तारा जोडायचं काम ती एकवीस वर्षं करत होती, आणि एका टोकाकडून मोजलेल्या आकड्यावर तिनं कुणाला कुदळ मारू दिली नव्हती. दुसऱ्या टोकाला चालत जायचं, तिथून पुन्हा मोजायचं, दोन्ही आकडे एका जागी भेटले तरच खणायचं. ही सवय तिला मेतोदी काल्चेव्हनं लावली होती. तो तिचा उस्ताद. त्याच्या हाताखाली ती वीस वर्षांची असताना लागली. आता त्याला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती आणि तो वरच्या आळीत, शाळेच्या भिंतीसमोर, एकटाच राहत होता.

त्या वर्षी, २००१च्या ऑगस्टात, वरच्या आळीचे टेलिफोन खरखरू लागले. आधी नुसती खरखर होती, मग खरखरीमागून माणसं बोलू लागली. औषधांच्या दुकानातली एव्हदोकिया आपल्या बहिणीला सांगत होती, की बेकरीवाल्यांचा मुलगा आपल्या पोरीच्या लायकीचा नाही. नेमक्या त्याच वेळी बेकरीवाल्याच्या बायकोनं पिठाचा ट्रक कुठं अडला ते विचारायला फोन उचलला आणि सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी बेकरीत एव्हदोकियाला पाव मिळाला नाही.

तारांवर गुंडाळलेला कागद ओला झाला की वीज एकीतून दुसरीत झिरपते, आणि विजेबरोबर बोलणंही. इतकी ती साधी गोष्ट. पण ओसेनित्सातल्या माणसांना साधी गोष्ट पटत नसे, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांची अर्धी हयात 'फोनवर बोलू नकोस' या एका वाक्याखाली गेली होती. बारा वर्षांपूर्वी राज्य बदललं, पण कान टवकारायची सवय काही गेली नाही. पुन्हा ऐकायला सुरुवात झालीय, असं लोक कुजबुजू लागले. कोण ऐकतं, यावर फार डोकं खाजवावं लागलं नाही. चिमटे लावलेला टेलिफोन कमरेला लटकवून गावभर फिरणारं माणूस एकच होतं.

दोब्रिंका दुकानात शिरली की बोलणं थांबायचं. एकदा एव्हदोकियानं तिला गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "काय गं, आज काय काय ऐकलंस? आम्हालाही सांग, म्हणजे फोन करायचा त्रास वाचेल." दोब्रिंकानं डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि निघाली. तिला राग आला होता, पण आश्चर्य वाटलं नव्हतं. त्यांच्या जागी ती असती, तर तिनंही हाच संशय घेतला असता.

सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी तिनं काम हाती घेतलं. गळ्यात विटेएवढा पिवळा टेस्टर अडकवला. पूर्वी याच कामाला काट्याच्या मीटरची लाकडी पेटी दोघांनी उचलून न्यावी लागे. रीत मात्र तीच राहिली होती. बिघडलेल्या तारेला एक निरोगी तार सोबत द्यायची, दोघींची टोकं पलीकडच्या, तारा जोडायच्या डब्यात एकमेकींना बांधायची, आणि अलीकडून मोजायचं. तांबं विजेला किती अडवतं त्यावरून यंत्र बिघाडापर्यंतचं अंतर काढतं. तारेची जाडी आणि मातीचं तापमान तेवढं आपण त्याला सांगायचं. ते चुकलं, तर यंत्र बिचारं प्रामाणिकपणे भलतीच जागा दाखवतं.

एक्स्चेंजकडून मोजलं तेव्हा आकडा आला सहाशे बावन्न मीटर. ती चढ चढून वरच्या आळीच्या डब्याशी गेली आणि तिथून मोजलं. पाचशे चौऱ्याहत्तर. दोन्हींची बेरीज बाराशे सव्वीस. नकाशावर केबलची सगळी लांबी होती अकराशे ऐंशी.

तिनं पुन्हा खाली येऊन मोजलं, पुन्हा वर जाऊन मोजलं. आकडे जागचे हलले नाहीत. जमिनीखाली नकाशापेक्षा शेहेचाळीस मीटर तार जास्त होती.

कारणं असतात. माती तापली असेल तर तार लांब भासते. म्हणून तिनं मॅनहोलमध्ये दोरीनं थर्मामीटर सोडला. सतरा अंश, जेवढे तिनं यंत्राला सांगितले होते तेवढेच. कधी कधी जोडणारा माणूस पुढच्या सोयीसाठी केबलचं वेटोळं ठेवून देतो. तिन्ही मॅनहोल उघडून पाहिले, वेटोळं नव्हतं. मधे बारीक तारेचा तुकडा घातला असेल म्हणून जुनी वही काढली. वहीत तसं काही नव्हतं. वही मेतोदीच्या अक्षरात होती, नकाशाही त्यानंच काढला होता. वरच्या आळीची केबल तो दुसऱ्या कुणाला बघू देत नसे. "ती माझी," म्हणायचा. तो निवृत्त झाल्यापासून ती कधी बिघडलीच नव्हती, त्यामुळे दोब्रिंकाला तिच्यावर हे यंत्र लावायची वेळ आजवर आली नव्हती.

तिच्या मनात पाल चुकचुकली, ती तेव्हा.

जिल्ह्याच्या कचेरीतल्या साहेबाला तिनं फोन केला आणि दोन दिवस मागितले. दोन आकडे दोन जागा दाखवतात ना, मग दोन्हीकडे खणून मोकळी हो, असं त्यानं सुनावलं. नगरपालिकेचे दोन गडी आले. पहिला खड्डा पाणपोईपाशी, दुसरा तिथून शेहेचाळीस मीटर खाली, शाळेच्या फाटकाशी. दोन्हीकडे केबल कोरडी ठणठणीत निघाली. एव्हदोकिया खिडकीत कोपर टेकून सगळा वेळ बघत होती.

दुपारी मेतोदी आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, टोपी नीट बसवलेली, हात पाठीमागे. खड्ड्यात डोकावून म्हणाला, "तापमान चुकलंय तुझं, पोरी. यंदा उन्हाळा केवढा होता. चार-पाच अंश वाढव, सगळं जुळेल."

"मोजलंय, काका. सतरा आहे."

"मग बारीक तार असेल मधे कुठं."

"वहीत नाही."

"वहीत सगळं लिहायला तेव्हा वेळ कुणाला होता?" असं म्हणून तो गेला.

दोब्रिंका खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. कुणाचाही बिघाड असो, मेतोदीचा पहिला प्रश्न ठरलेला असे, 'किती आला?' एकवीस वर्षांत तो कधी चुकला नव्हता. आज त्यानं आकडा विचारलाच नाही.

खरं तर पुढचा हिशेब सरळ होता. जास्तीची तार एकाच ठिकाणी रस्ता सोडून कुठंतरी जात असेल आणि तिथूनच परत येत असेल, तर बिघाड त्या वळशाच्या आतच असणार. बाहेर असता तर दोनांतला एक खड्डा तरी ओला निघाला असता. आणि वळसा फुटायची जागा दोन खड्ड्यांच्या मधे असणार. मधे एका बाजूला शाळेची दगडी भिंत होती. दुसऱ्या बाजूला एकच दार, मेतोदीचं. शेहेचाळीसचे निम्मे तेवीस. तिनं टेप लावून मोजलं नाही. त्या अंगणात तिनं इतक्यांदा कॉफी प्यायली होती, की फाटकापासून तेवीस मीटरवर काय येतं ते तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. तिथं घरापासून वेगळं बांधलेलं उन्हाळी स्वयंपाकघर होतं, आणि ते कायम कुलूपबंद असायचं.

त्या दिवशी ती आत गेली नाही. घरी गेली, नवऱ्याला जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही. तिला सोनेरी बटणांचा शाळेचा कोट घातलेला वेलिच्को आठवत होता. तिचा धाकटा भाऊ.

एकोणऐंशी सालचा वसंत होता. वेलिच्को अठरा वर्षांचा, गणितात जिल्ह्यात पहिला. राजधानीत, सोफियाला, इंजिनियरिंगची जागा नक्की झाल्यासारखी होती. एका संध्याकाळी वरच्या आळीतल्या घरच्या फोनवरून तो मित्राला म्हणाला, की शाळेची सहल युगोस्लाव्हियात जातेय, तिथं उतरलो की परतीची बस चुकवावी म्हणतो. देश सोडून पळायची थट्टाच केली होती त्यानं. निदान तो पुढं तसंच म्हणत राहिला. आठवड्याच्या आत त्याला जिल्ह्याला बोलावलं. जागा गेली, सहल गेली, आणि लष्कराच्या बांधकाम पलटणीत तीन वर्षं सिमेंट कालवायला लावलं. तो बोलला तेव्हा खोलीत आणखी एकच माणूस होतं. कालिना मावशी, आईची सख्खी बहीण, मांडीवर परात घेऊन शेंगा सोलत बसलेली. आणि कालिना मावशी टायपिस्ट होती, तीही नगर कचेरीत. आणखी काय पुरावा हवा होता? आईनं तिला उंबऱ्याबाहेर काढलं. मावशी शपथा घेत होती, आईनं दार लावून घेतलं. आई वारली तेव्हा मावशी स्मशानाच्या फाटकाबाहेर उभी राहिली, आत आली नाही. कुणी तिला बोलावलंही नाही. दोब्रिंकानंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मेतोदी अंगणात पत्र्याच्या भट्टीवर लाल मिरच्या भाजत होता, सगळीकडे जळक्या सालीचा वास. उन्हाळी स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आत नवी मोरी, नवा नळ, आणि ल्युतेनित्साच्या, म्हणजे मिरची-टोमॅटोच्या चटणीच्या, बरण्या उपड्या घातलेल्या. नळाखालच्या फरशीवर पाण्याचा काळा डाग पसरला होता. मे महिन्यात बसवली मोरी, असं त्यानं न विचारताच सांगितलं. म्हातारपणी बरण्या घेऊन वरखाली करवत नाही.

"काका, इथं पाणी मुरतंय," दोब्रिंका म्हणाली.

मेतोदीनं चिमट्यातली मिरची पातेल्यात टाकली, झाकण ठेवलं. "दोन्ही टोकांनी मोजलंस ना?"

"तुम्हीच शिकवलंत."

"हो." त्यानं त्यांच्या मुलखातल्या रीतीनं मान डावीउजवीकडे हलवून होकार भरला. "चांगलं शिकवलं म्हणायचं."

मग त्यानं सांगितलं. जास्त काही नव्हतंच सांगण्यासारखं. शहात्तर साली जिल्ह्यातून दोन माणसं आली. केबल तुझ्या अंगणातून न्यायची म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. शेजाऱ्यांना त्यानं पाण्याचा नळ आणतोय असं सांगून स्वतः चर खणला. त्र्याऐंशीपर्यंत ती माणसं त्या खोलीत फोन ऐकत बसायची, टेपरेकॉर्डर लावून. आठवड्यातून तीन-चार दिवस. त्याची बायको त्यांना कॉफी नेऊन द्यायची. मग ती यायची बंद झाली, यंत्रं घेऊन गेली, तारा तशाच राहिल्या. राज्य बदललं तेव्हा उकरून काढावं असं त्याला वाटलं होतं. पण रस्ता खणला की लोक विचारणार, काय काढतोयस? म्हणून खोलीला कुलूप घातलं, आणि इतक्या वर्षांनी वाटलं, आता कोण विचारतंय, म्हणून यंदा उघडली.

"एकोणऐंशीत माझ्या भावाचं बोलणं इथंच ऐकलं गेलं," दोब्रिंका म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं?"

"ते काय ऐकतात ते मी कधी ऐकलं नाही."

"माहीत होतं का, विचारतेय."

त्यानं भट्टीवरची मिरची उलटवली. "नंतर कळलं. तुमच्या घरात रडारड झाली तेव्हा. दोन अधिक दोन मलाही करता येतात."

"आणि आमच्या आईनं मावशीला घराबाहेर काढलं, तेव्हा तुम्ही नुसते बघत होतात."

त्यानं भट्टीतली लाकडं पुढं सारली.

"म्हणून मला कामावर घेतलंत? पुढच्याच वर्षी?"

"तुझा हात थरथरत नव्हता म्हणून घेतलं," मेतोदी म्हणाला. "कागदाची नळी तारेवर चढवताना सगळ्यांचे हात थरथरतात. तुझा नव्हता."

हे खरं असेलही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तिला काहीच ठरवता येईना. नकाशा खोटा काढणारा हाच माणूस, आणि नकाशावर विश्वास ठेवू नकोस म्हणून दोन्ही टोकांनी मोजायला शिकवणाराही हाच. कुणी आपल्याच चोरीची किल्ली शिष्याच्या हातात देतं का? मुद्दाम दिली होती, की सवयीनं? विचारलं असतं तर त्यानं उत्तर दिलं असतं. पण त्या उत्तराचं दुसरं टोक तिला कुठून मोजता आलं असतं?

ती म्हणाली, "उद्या फाटकासमोर खणते. वळसा तोडून रस्त्यातल्या रस्त्यात सरळ जोडणार. वहीत जसं आहे तसं लिहीन."

"लिही," तो म्हणाला.

पन्नास जोड्यांचं काम, दोन दिवस लागले. शिशाचं जुनं आवरण कापायचं, तार तारेला पिळायची, प्रत्येकीवर कागदाची नळी चढवायची. गड्यांनी चर उकरला तेव्हा केबल वळून मेतोदीच्या फाटकाखाली जाते आणि परत येते, हे येणाऱ्याजाणाऱ्याला उघड दिसत होतं. ते कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. दहा वाजेपर्यंत अर्धी आळी या ना त्या निमित्तानं तिथून गेली. ज्यांना जिना उतरवत नाही अशी म्हातारी माणसंसुद्धा खाली आली.

मेतोदी फाटक लावून आत बसेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो तीन पायांचं स्टूल घेऊन बाहेर आला, चराच्या काठावर बसला आणि कागदाच्या नळ्या ओळीनं लावून एकेक तिच्या हातात देऊ लागला. दोब्रिंकानं वर पाहिलं नाही, पण नळ्या घेतल्या. त्याला उठवून लावावं असं एक मन म्हणत होतं. दुसरं म्हणत होतं, की हा लोकांसमोर प्रायश्चित्ताचं नाटक करतोय. तिसरं कामात होतं. पाणपोईवरून येणारा एक म्हातारा त्याच्या पायाशी पचकन थुंकला. मेतोदीनं पाय आत घेतला आणि पुढची नळी दिली. दोन दिवसांत दोघांत कामापलीकडचा एक शब्द झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी एव्हदोकिया कॉफीचा कप घेऊन आली. तिनं तो दोब्रिंकाच्या हातात दिला, मेतोदीकडे पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याचं बदलीचं प्रकरण एक्क्याऐंशीत झालं. इतकी वर्षं मी जावेला शिव्या देत आले." कप रिकामा होईपर्यंत ती थांबली, पण माफी मागितली नाही. दोब्रिंकाला ते बरं वाटलं. मागितली असती, तर हिला आता काय हवंय, असा तिला प्रश्न पडला असता.

जोडणी बंद केल्यावर तिनं दोन्ही टोकांनी मोजलं. बेरीज आली अकराशे ऐंशी. तिनं वहीत तारीख घालून लिहिलं: फाटकासमोरचा, नकाशात नसलेला वळसा काढून टाकला, लांबी शेहेचाळीस मीटर. कुणी घातला होता, तेही लिहिलं. जिल्ह्याच्या साहेबानं नंतर फोन करून ते शेवटचं वाक्य खोडता येईल का म्हणून सुचवलं. तिनं विचारलं, कुणाच्या सांगण्यावरून? साहेब म्हणाला, कुणाच्या नाही, असंच. तिनं खोडलं नाही, आणि त्या 'असंच'वर पुढं कित्येक दिवस विचार करत राहिली.

शनिवारी ती खालच्या आळीत गेली. कालिना मावशी एकाहत्तर वर्षांची झाली होती. तिनं दार फटीएवढंच उघडलं.

"काय हवंय?"

दोब्रिंकानं उभ्या उभ्या सांगितलं. केबल, वळसा, मेतोदीची खोली, टेप. बावीस वर्षांनी सांगायला चार-पाच वाक्यं पुरली. मावशीनं दाराची कडी धरून ठेवली होती.

"मग?" शेवटी ती म्हणाली. "मला काय नवीन सांगायला आलीस? मी नव्हते, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

"तुझ्या आईला कळायला हवं होतं."

"हो, मावशी."

"आणि तू एकोणीस वर्षांची घोडी होतीस. काल जन्मलेली नव्हतीस."

 दोब्रिंकाला वाटलं आता दार लागेल, आणि लागलं असतं तरी तिची तक्रार नव्हती. मावशी तिच्या मातीनं भरलेल्या बुटांकडे बघत होती.

"ते बाहेर काढ," ती म्हणाली. "सकाळीच पुसून काढलंय घर." आणि दार उघडं ठेवून आत गेली.

त्यानंतर ती महिन्यातून दोनदा जाऊ लागली. गोडवा वगैरे काही नव्हता. मावशी टोमणे मारायची, ही ऐकून घ्यायची, आणि दोघी मिळून शेंगा सोलायच्या. मेतोदी हिवाळ्याआधी मुलीकडे हास्कोव्होला गेला. निघताना तो निरोप घ्यायला एक्स्चेंजवर आला होता म्हणतात, पण दोब्रिंका तेव्हा खालच्या पुलाजवळ एका खांबावर होती. तिला कुणी खाली बोलावलं नाही. बोलावलं असतं, तर ती उतरली असती की नाही, हे तिचं तिलाही सांगता आलं नाही.

वेलिच्कोला सांगायचं राहिलं होतं. तो प्लोव्हदिव्हला मालट्रक चालवत असे, लग्न झालं, मोडलं, पुन्हा झालं. मावशीचं नाव निघालं की अजूनही उठून जायचा. मावशीकडे पहिल्यांदा गेली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, दोब्रिंकानं त्याला फोन लावला. लाइन इतकी स्वच्छ होती, की पलीकडे त्याच्या स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू येत होतं. इकडचं तिकडचं झालं. मग ती म्हणाली, "वेल्यो, एकोणऐंशीतलं एक कळलंय. मावशी नव्हती ती."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

"ताई," वेलिच्को हळू आवाजात म्हणाला, "फोनवर नको."

"आता कुणी ऐकत नाही रे. मी स्वतः तोडलंय ते."

"तरी नको. तू ये इकडे."

पहाटेची बस पकडून ती गेली.